धाकटीचे गाणे

सरस्वतीबाई राणे ह्यांच्याविषयी लिहावयास बसले, की पहिल्याच वाक्यात लेखणी हिराबाई बडोदेकरांच्या नावापाशी जाऊन थांबते. हा दोष माझ्या एकटीच्या लेखणीचा नव्हे. आपल्याकडे संगीताविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात सरस्वतीबाईंची ओळख बहुधा अशीच करून दिलेली आढळते: अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, सुरेशबाबू मान्यांची आणि हिराबाईंची धाकटी बहीण. वडील, भाऊ आणि बहीण अशी तीन मोठी माणसे उंबऱ्यावरच उभी. त्यांना नमस्कार करता करता पाहुण्याचा वेळ संपून जातो, आणि जिला भेटावयास आलो ती आतल्या खोलीतच राहते.

मीही पुष्कळ वर्षे त्या पाहुण्यांपैकीच एक होते. सरस्वतीबाईंचे गाणे मला आवडे. पण ते हिराबाईंच्या गाण्याची एक पाकळी म्हणून आवडे. दोघी बहिणी जोडीने गात तेव्हा माझा एक कान मोठीकडे असे आणि दुसराही मोठीकडेच असे. धाकटी मधून मधून काहीतरी भरते आहे, साथ बरी देते आहे, एवढेच माझ्या लक्षात येई. तिला स्वतःची गायकी नाही, थोरलीच्या सावलीत तिचे आयुष्य गेले, असे मतही मी चारचौघांत ठामपणे मांडले आहे. ते मत चुकीचे होते असे आज मला वाटते. ते का चुकले आणि कोठे चुकले हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

ह्या मतांतराची कथा आमच्या वेवजी गावापासून सुरू होते, म्हणून थोडे घरचे सांगणे अवश्य आहे. वेवजी हे तलासरी तालुक्यातले अगदी हद्दीवरचे गाव. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा शेजारचा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातून गुजरातेत गेला आणि आम्ही महाराष्ट्रात राहिलो. आता २०१४ पासून आमचा जिल्हा पालघर झाला आहे, पण हद्द तेथेच आहे. गावात वारली बोली आहे, बाजारात गुजराती आहे, शाळेत मराठी. माझ्या लहानपणी रेडिओची सुई एका बाजूस सरकली की मुंबई लागे आणि जरा ढळली की अहमदाबाद. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरात एक पेटी होती आणि आम्ही दोघी बहिणी, मी थोरली आणि ती माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. आम्ही जोडीने भजने म्हणत असू. पेटी माझ्यापुढे असे, सुरुवात मी करी, आणि ती ओळीचे शेपूट उचलून माझ्यामागून म्हणे. लोक म्हणत, "मास्तरांच्या मुली छान गातात." ह्या अनेकवचनाचा अर्थ माझ्या मनात एकवचनीच होता.

एका कोजागिरीला मला ताप भरला. कार्यक्रम आमच्याच आळीत होता. बोलावणारे गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "मग धाकटीला एकटीला पाठवा, दोन भजने म्हणेल." ती दारामागेच उभी होती. मी अंथरुणातून उत्तर दिले, "ती एकटी गात नाही." तिला कोणी विचारले नाही. तिनेही काही म्हटले नाही. एवढीच गोष्ट, पण पुढे सरस्वतीबाईंचे गाणे ऐकताना ह्या एका वाक्याने माझा फार पाठपुरावा केला आहे.

*

सरस्वतीबाईंचा जन्म १९१३ साली मिरजेत झाला. आई ताराबाई माने ह्या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या, आणि वडील अब्दुल करीम खाँ म्हणजे किराणा घराण्याचा साक्षात सूर. ह्या दांपत्याची पाच मुले गाण्यात वाढली. पुढे आईवडील विभक्त झाले. ताराबाईंनी मुले आपल्याकडे ठेवली आणि त्यांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, गुलाबची कमलाबाई झाली, आणि सकिना नावाची सर्वांत धाकटी मुलगी सरस्वती झाली. धाकट्या भावाला कृष्णराव हे नाव मिळाले. ज्या माणसाचे गाणे ह्या मुलांच्या रक्तात होते, त्याचे नाव त्यांच्या नावापुढून असे पुसले गेले.

मोठ्या मुलांना वडिलांचे शिकवणे समजू लागण्याइतके वय मिळाले होते. सकिनाच्या वाट्याला ते फारसे आले नाही. तिला किराण्याचा सूर मिळाला तो सुरेशबाबूंच्या तालमीतून आणि हिराबाईंच्या शेजारी बसून. मोठ्या भावंडांचे कपडे आटवून धाकट्याला घालावेत तसा हा वारसा तिला मिळाला. आपण मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या माणसांना ह्या उपमेत थोडी हीनता वाटते. पण कपडा आटविणारा हात चांगला असेल तर तो अंगाला नव्या कपड्यापेक्षाही नीट बसतो, हेही आपल्याला ठाऊक असते. आणि सुरेशबाबूंचा हात फार चांगला होता. स्वतः मागे राहून इतरांना पुढे करणारा असा गुरू विरळा. हिराबाईंच्या गाण्यामागे ते होते, पुढे प्रभा अत्र्यांच्या गाण्यामागे ते होते, आणि १९५३ साली ते गेले तेव्हा त्यांचे स्वतःचे असे ध्वनिमुद्रित गाणे हाती फार थोडे उरले. मागे उभे राहण्यात कमीपणा नाही, ही शिकवण त्या घरात कोणाला तोंडाने द्यावी लागली नसेल.

तथापि सरस्वतीबाई ह्या वारशावरच थांबल्या नाहीत, आणि माझ्या जुन्या मताला पहिला तडा गेला तो येथे. जयपूर घराण्याच्या नथ्थन खाँची तालीम त्यांनी घेतली. प्रा. बी. आर. देवधर आणि मास्टर कृष्णराव ह्यांच्याकडूनही त्या शिकल्या. किराण्यात जन्मलेल्या मुलीने जयपूरची तालीम घ्यावी ही साधी गोष्ट नव्हे. किराण्याचा जीव स्वरात, एकेका स्वरापाशी रेंगाळण्यात. जयपूरचा जीव लयीशी गुंफलेल्या पेचदार आकृतीत. मला असे वाटते, की सरस्वतीबाईंच्या मध्यलयीतल्या गाण्याला जी एक चपळाई आहे, तानेला जी धार आहे, ती ह्या बाहेरच्या शिकवणुकीतून आली असावी. हिराबाईंची तान मोगऱ्याच्या माळेसारखी उतरते. सरस्वतीबाईंची तान पायरीवरून धावत येणाऱ्या मुलीसारखी येते, पण शेवटच्या पायरीवर ठेच न लागता समेवर उभी राहते. सावलीला अशी स्वतंत्र चाल नसते.

*

त्यांचे कर्तृत्व तारखांच्या क्रमाने पाहिले म्हणजे दुसरा तडा जातो. लहानपणी आईच्या आणि बहिणीच्या बरोबरीने त्या संगीत नाटकांत उभ्या राहिल्या. स्त्रियांची कामे पुरुषांनी करावयाची ही रीत त्या काळी मोडत आली होती, आणि ती मोडण्यात ह्या घराचा मोठा वाटा होता. १९३३ च्या सुमारास त्या मुंबईच्या रेडिओवर गाऊ लागल्या, आणि हे नाते पुढे पन्नासांहून अधिक वर्षे टिकले. रेडिओवर गाणाऱ्या बाईला चेहरा नसतो, शालू नसतो, शेजारी बहीण बसलेली नसते. आवाज एकट्याने घराघरांत जातो आणि एकट्यानेच उभा राहतो. म्हणजे विशीत असतानाच सरस्वतीबाईंनी एकटीने गाण्याची परीक्षा दिली होती.

मग चित्रपट आला. १९४३ साली विजय भट्टांचा 'रामराज्य' प्रदर्शित झाला. शोभना समर्थ त्यात सीता होत्या आणि संगीत शंकरराव व्यासांचे होते. त्यातले वीणेला उद्देशून असलेले भीमपलासातील गीत सरस्वतीबाईंनी गायिले, आणि देशभर लोकांच्या तोंडी ते बसले. मी ते प्रथम ऐकले तेव्हा गाणारीचे नावच मला ठाऊक नव्हते, आणि हिराबाईंची आठवणही आली नाही. आठवण आली ती एवढीच, की भीमपलास इतका सोपा करून सांगता येतो आणि तरी तो पातळ होत नाही. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावयाचा, तोही ज्यांना रागाचे नाव ठाऊक नाही अशा लोकांपुढे, ह्याला निराळी बुद्धी लागते. मैफलीत एक तास हाताशी असलेल्या गवयाला ती असतेच असे नाही.

येथे पार्श्वगायनाविषयी एक विचार मनात येतो. 'पार्श्व' म्हणजे बाजूचे, मागचे. पडद्यावर ओठ दुसरीचे हालतात आणि गळा मागचीचा असतो. सरस्वतीबाईंना ह्या मागे राहण्याचे दुःख झाले असेल असे त्यांच्या गाण्यावरून तरी वाटत नाही. १९५० साली सी. रामचंद्रांच्या 'सरगम' ह्या चित्रपटात त्या लता मंगेशकरांच्या जोडीने गायल्या. लताबाई तेव्हा एकविशीच्या आत-बाहेर होत्या, सरस्वतीबाई सदतीस वर्षांच्या. वयाने आणि विद्येने मोठी असलेली ही गायिका त्या गाण्यात नव्या आवाजाला कोठेही दडपून टाकीत नाही. सरगमांचा जो खेळ चालतो त्यात ती आपला चेंडू नेमका टाकते आणि पुढचा झेलावयास मोकळी राहते. मुख्य ध्यानात घ्यावयाचे ते हे: जोडीत गाणे म्हणजे धाकटे असणे नव्हे, हे त्यांनी येथे करून दाखविले आहे. कारण ह्या जोडीत त्याच थोरल्या होत्या.

*

आता बहिणींच्या जोडगाण्याकडे येऊ. सरस्वतीबाई जन्मभर हिराबाईंच्या मागे बसून गात आल्या असाव्यात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ही जोडमैफल सुरू झाली ती १९६५ च्या सुमारास, आणि तीही प्रा. देवधरांच्या आग्रहावरून, असे सांगतात. तेव्हा हिराबाई साठ वर्षांच्या होत्या आणि सरस्वतीबाई बावन्न वर्षांच्या. थोरलीने १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर 'वंदे मातरम्' गायिले होते. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या स्त्रियांत ती अगदी पहिली होती. सभ्य घरातल्या बायकांनी तिचे गाणे नवऱ्याशेजारी बसून ऐकावे इतकी प्रतिष्ठा तिने स्त्रीच्या गाण्याला मिळवून दिली होती. धाकटीमागे तीस वर्षांचा रेडिओ, चित्रपट आणि स्वतःच्या मैफली होत्या. म्हणजे जिला मी सावली समजत होते ती बाई स्वतंत्रपणे गाऊन, नाव मिळवून, मग आपण होऊन बहिणीच्या शेजारी येऊन बसली. तिचे दुसरे आसन तिला कोणी नेमून दिलेले नव्हते. ते तिने निवडले होते. निवडलेल्या आसनाची आणि लादलेल्या आसनाची जागा एकच असली, तरी त्यावर बसण्याचा डौल निराळा असतो.

जोडगायन आपल्याकडे पुरुषांचे. धृपदात मोइनुद्दीन आणि अमिनुद्दीन हे डागर बंधू होते. १९६६ साली थोरला गेला आणि धाकट्याला पुढे तीस-पस्तीस वर्षे एकट्याने गावे लागले. ख्यालात नजाकत अली आणि सलामत अली होते. तेथे धाकट्याचेच तेज अधिक होते, आणि पुढे दोघे वेगळे झाले. भावांच्या अशा जोड्यांत मला नेहमी थोडा सामना दिसतो. एकाने काही केले की दुसऱ्याने त्याच्यावर काही करावयाचे, आणि श्रोत्यांनी मनातल्या मनात गुण मांडावयाचे. त्यात मजा आहे, नाही असे नाही. पण स्त्रियांनी ख्यालाची जोडमैफल करावी ही गोष्ट नवी होती, आणि ह्या दोघींनी ती सामन्याच्या वाटेने नेली नाही.

मग त्यांनी काय केले? ते नीट पाहावे लागेल, कारण सरस्वतीबाईंची कला ह्या 'काय' मध्ये आहे. समजा यमन चालला आहे. हिराबाई खालच्या निषादावरून रिषभ घेऊन गंधारावर येतात आणि तेथे थांबतात. साधा साथीदार काय करील? त्याच वाटेने पुन्हा चालत येईल आणि गंधारावर थांबेल. हा प्रतिध्वनी झाला. महत्त्वाकांक्षी साथीदार काय करील? गंधार सोडून एकदम पंचमावर उडी घेईल. हे डोके वर काढणे झाले. सरस्वतीबाई ह्या दोन्हींपैकी काही करीत नाहीत. त्या तोच गंधार, तेवढ्याच वजनाचा, थोरलीच्या आवाजातून अलगद उचलतात. इतका अलगद, की सांधा कोठे आहे हे क्षणभर कळत नाही. मग तीव्र मध्यमाकडे एकदा पाहतात, परत गंधारावर येतात आणि तेथे तो ठेवून देतात. थोरलीला पुढे जावयाचे असेल तर वाट दाखविलेली आहे. जावयाचे नसेल तर गंधार शाबूत आहे. बोलणारीचे वाक्य अर्धे राहिले असताना ते तोडता तर कामा नये, उगीच पुनरुक्तीही करता कामा नये, पण ऐकतो आहोत हे तिला कळले पाहिजे. ह्या संभाषणाला हिंमत लागते आणि तिला विनय म्हणून मोडीत काढणे हा अन्याय आहे.

द्रुतात हे नाते बदलते. तेथे धाकटी पुढे होते. ताना आणि सरगम ह्यांचा भार ती घेते आणि थोरली मुखडा सांभाळून समेची वाट पाहते. म्हणजे एका मैफलीत दोघी दोनदा जागा बदलतात, आणि श्रोत्याला ते बदलल्याचे भानही राहत नाही. दोघी एकाच पट्टीत गाऊ शकत होत्या, ही सोय पुष्कळ जोड्यांना मिळत नाही. पण पट्टी एक असणे हे संकटही असते. दोन आवाज सारखे झाले की तिसऱ्याला ते दोन का आहेत असा प्रश्न पडतो. सरस्वतीबाईंच्या आवाजात जो किंचित तीक्ष्णपणा आहे, हिराबाईंच्या मधाला जी लिंबाची चव तो देतो, त्याने हे संकट टळते.

*

हे सारे मला माझ्या अकलेने समजले असे नव्हे. १९७० नंतरची गोष्ट. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर दोघींचे गाणे लागले होते. रात्रीची वेळ, भाताची कापणी झालेली, वडील ओटीवर, आणि आम्ही दोघी बहिणी रेडिओजवळ. मी जाणत्याच्या थाटात म्हणाले, "हिराबाई काय गातात बघ." धाकटी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, त्या थांबतात बघ."

मला वाटले, तिला गाण्यातले काही कळत नाही. गाणे हे गाण्याविषयी असते, थांबण्याविषयी नव्हे. पण ती जे म्हणाली ते मी ह्या विषयावर वाचलेल्या कोणत्याही लेखात मला सापडले नाही. थोरली थांबते म्हणून धाकटीला गाता येते. हिराबाई आलाप षड्जावर आणून पुरता मिटवीत नाहीत; एखाद्या स्वरावर तो उघडा ठेवतात. त्या उघड्या दारातून सरस्वतीबाई आत येतात. जोडगाण्यात दुसऱ्या आवाजाची जी कला आहे तिचा निम्मा भाग पहिल्या आवाजाच्या हातात असतो. हिराबाईंचे थोरपण त्यांच्या लाल किल्ल्यावरच्या गाण्यात जेवढे आहे, तेवढेच ह्या थांबण्यात आहे असे मी आता म्हणेन. आणि सरस्वतीबाईंचे मोठेपण हे, की दार उघडे मिळाले म्हणून त्यांनी घर बळकावले नाही.

माझी बहीण हे बोलली तेव्हा त्या कोजागिरीला वर्ष-दीड वर्ष झाले होते. आम्ही जोडीने भजने म्हणत असताना मी एकदा तरी थांबले होते का, हे मला आठवेना. तिने पुढे गाणे सोडले. लग्न होऊन ती दूर गेली, मुलांच्या शाळा आल्या, अशी कारणे सांगता येतात, आणि ती खोटीही नाहीत.

*

आता उलट बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. सरस्वतीबाईंचे एकटीचे विलंबित गाणे मला सर्वत्र पकडून ठेवीत नाही. रागाची बढत करताना त्या कधी कधी एका स्वरावर पुरेशा रेंगाळत नाहीत. मध्यलयीची ओढ लागलेली स्पष्ट कळते. किराण्याच्या श्रोत्याला त्या वेळी चुकल्यासारखे वाटते. जोडगाण्यातही सर्व काही सोन्याचे नाही. दोघी इतक्या सांभाळून गातात, की क्वचित गाण्यातला ताणच नाहीसा होतो. गोडवा गोडव्याला मिळतो आणि जिभेला काही खारट हवेसे वाटते. सामना नको हे खरे, पण मतभेदही नको असे नाही. दोन बहिणी एका घरात राहिल्या म्हणजे कधीतरी भांडी आपटतातच, आणि ती आपटलेली मैफलीत ऐकू आली असती तर गाणे अधिक जिवंत झाले असते.

माझ्या जुन्या मताच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडता येईल. स्वेच्छेने घेतलेले दुसरे आसनही शेवटी दुसरेच. १९७० साली पद्मभूषण मिळाले ते हिराबाईंना, आणि रसिकांच्या बोलण्यात जोडीचे नाव थोरलीच्या नावाने सुरू होते. धाकटीने कितीही जाणतेपणाने ही जागा घेतली असली, तरी जगाने तिला ती सवयीने दिली, असे कोणी म्हणेल. ह्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की जगाच्या सवयीचा दोष गाणारीच्या गाण्यावर टाकू नये. कान आपले आहेत. ते कोठे लावावयाचे हे शिकणे आपल्याकडे आहे.

शिवाय ही गोष्ट दुसऱ्या आसनावर संपलीही नाही. १९७७ साली श्याम बेनेगलांचा 'भूमिका' आला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या त्या चित्रपटात आजीकडून नातीकडे गाणे जाते, आणि ते गाण्यासाठी वनराज भाटियांनी घेतले सरस्वतीबाईंना आणि त्यांच्या खऱ्या नातीला, मीना फातर्पेकरांना. तेथे सरस्वतीबाई पुढे आहेत आणि कोवळा आवाज त्यांच्यामागून येतो. ऐकावे ते त्या कसे थांबतात. जे दार त्यांच्यासाठी थोरल्या बहिणीने उघडे ठेवले, तेच त्या नातीसाठी उघडे ठेवतात. ज्याला आयुष्यभर दुसऱ्या आवाजाचे शिक्षण मिळाले आहे, त्यालाच पहिल्या आवाजाची जबाबदारी नीट कळते, असे त्या गाण्यावरून मला वाटले. हिराबाई १९८९ साली गेल्या. सरस्वतीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे होत्या. २००६ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, तेव्हा त्यांचे वय त्र्याण्णव होते.

*

आमच्या भागात वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. लग्न लावण्याचा मान तिचा. ती गाते आणि लग्न लागते. वेवजीच्या पाड्यांवर मी ती गाणी पुष्कळदा ऐकली आहेत. धवलेरी ओळ सुरू करते आणि मांडवातल्या बायका ती तिच्या तोंडून उचलतात. लहानपणी मला वाटे, ह्या मागून म्हणणाऱ्या बायका नसत्या तरी चालले असते. एका लग्नात म्हाताऱ्या धवलेरीला धाप लागली. ओळ मध्येच तुटली. शेजारच्या बाईने ती जेथे तुटली तेथूनच, त्याच उंचीवर धरली आणि पुढे नेली, आणि धवलेरीला दम आल्यावर तिच्या हवाली केली. लग्न थांबले नाही. त्या बाईचे नाव मी विचारले नाही. आपण अशा बायकांची नावे विचारीत नाही.

सरस्वतीबाईंच्या बाबतीत निदान नाव ठाऊक आहे. एकीचे नाव आईने बदलले, लग्नाने राणे हे आडनाव दिले, आणि जगाने 'हिराबाईंची बहीण' हे बिरुद चिकटविले. ह्या सर्वांतून जो आवाज उरतो तो ऐकावयाचा असेल, तर रसिकांना माझे सांगणे एवढेच आहे, की दोघींची ध्वनिमुद्रिका पुन्हा एकदा लावावी, आणि ह्या खेपेस पहिल्यापासून शेवटपर्यंत धाकटीवर कान ठेवावा. हिराबाई त्याने काही हरवणार नाहीत. उलट त्या अधिक मोठ्या दिसतील.

माझी बहीण आता सत्तरीच्या घरात आहे. मी तिला ही ध्वनिमुद्रिका फोनवर पाठविली होती. तिने उत्तर पाठविले, "ऐकली. पट्टी किती छान जुळली आहे." तिने स्वतःविषयी काही लिहिले नाही, आणि मीही कोजागिरीचे काढले नाही. ह्या दिवाळीस ती वेवजीला यावयाची आहे. वडिलांची पेटी उंबरगावच्या एका कारागिराकडून मी भाता बदलून आणली आहे. दोन सूर अजून जरा बसके आहेत, पण वाजते. भाऊबीज झाल्यावर संध्याकाळी पेटी तिच्यापुढे ठेवावयाची आणि सुरुवात तिला करू द्यावयाची, असे मी योजिले आहे. ती करील की नाही हे तिच्यावर आहे. मी थांबणार आहे.